ट्रेडमिलवरून उतरल्यावरची चक्कर : सात महिन्यांच्या वापरानंतर

घरी ट्रेडमिल आणून ७ महिने झाले. मशीन दणकट आहे, पट्टा कधी सरकला नाही, आवाजही बेताचा. लिहायचंय ते उतरल्यावर येणाऱ्या चक्करबद्दल, कारण तिच्यामुळे मी हे मशीन विकायला काढलं होतं.

पहिल्या दिवशी ताशी ५ किलोमीटरच्या वेगाने २० मिनिटं चाललो. खाली पाय ठेवला आणि कोणी पाठीमागून ढकलतंय असं वाटलं. दाराची चौकट धरून उभा राहिलो, थोड्याच वेळात सगळं जागेवर आलं. रोज हेच व्हायचं. पट्ट्यावर पाय चालत असतात, पण समोरची भिंत जागची हलत नाही. मेंदू त्या विचित्र हिशेबाला सरावतो आणि उतरल्यावर जुन्या हिशेबावर यायला त्याला जरा वेळ लागतो. मी वर मोबाइलमध्ये मान घालून चालायचो, तेव्हा हे जास्त व्हायचं. मग भिंतीवर डोळ्यांच्या रेषेत पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावला आणि त्याच्याकडे बघत चालू लागलो. तीन-चार आठवड्यांत हा त्रास जवळजवळ गेला.

खरी भीती बसली ती दुसऱ्या महिन्यात. ९ च्या वेगाने २५ मिनिटं धावलो, थेट लाल बटण दाबलं, उतरून बुटाची नाडी सोडायला वाकलो. सरळ झालो तर डोळ्यांपुढे अंधारी, कानात सूं आवाज, कपाळावर गार घाम. तिथेच खाली बसलो. बहिणीने आडवं केलं, पायांखाली उशा सरकवल्या. ‘दादा, बोल ना काहीतरी,’ एवढंच ती म्हणत होती.

डॉक्टरांनी आधी विचारलं, ‘चक्कर म्हणजे नेमकं काय होतं? खोली फिरते, तोल जातो, की अंधारी येते?’ आपण या तिन्हींना चक्करच म्हणतो, पण कारणं वेगळी. अंगाखालची फरशी सरकल्यासारखी वाटणं हा डोळ्यांचा आणि पायांचा बेबनाव. अंधारी येणं हा रक्तदाबाचा प्रकार. धावताना पोटऱ्यांचे स्नायू दर पावलाला रक्त वर हृदयाकडे ढकलत असतात. पाय एकदम थांबले की हा पंप बंद पडतो, पण पायांतल्या रक्तवाहिन्या अजून पसरलेल्याच असतात. रक्त खालीच साठतं, दाब उतरतो, मेंदूला क्षणभर कमी पडतं. त्यात मी पाणीही न पिता धावत होतो.

त्यांनी आडवं असताना आणि उभं राहिल्यावर असा दोनदा दाब मोजला (उभं राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर ती घट जास्त समजतात). मग ईसीजी आणि स्ट्रेस टेस्ट, म्हणजे ट्रेडमिलवर चालवत केलेली हृदयाची तपासणी. त्या चाचणीत सुरुवात ताशी २.७ किलोमीटर आणि १० टक्के चढाने होते, दर ३ मिनिटांनी दोन्ही वाढत जातात. मला दम संपेपर्यंत चालवलं, पण नंतर पट्टा एकदम थांबवला नाही, हळू चालत ठेवला. घरी मी नेमकं हेच करत नव्हतो.

आता शेवटची ७-८ मिनिटं माझी ठरलेली : ९ वरून ६, मग ४, मग अडीच. पट्टा थांबल्यावर मिनिटभर जागच्या जागी पावलं टाकतो. बूट बसूनच काढतो. त्यानंतर अंधारी एकदाही आलेली नाही. मशीनबद्दल माझी एकच तक्रार आहे : त्याचं कूल-डाउनचं बटण मिनिटभरात वेग शून्यावर आणतं. धावणाऱ्याला ते अजिबात पुरत नाही, म्हणून मी वेग हाताने कमी करतो.

धावता धावताच चक्कर आली, छातीवर दाब आला, धडधड बेताल झाली किंवा शुद्ध हरपली, तर माझ्यासारखं घरी उपाय शोधत बसू नका, थेट डॉक्टरांकडे जा. कूस बदलताना खोली गरगरत असेल तर तो बहुधा कानाचा प्रश्न असतो, त्याचा मशीनशी संबंध नाही.

आईलाही आता चालायचंय. ती रक्तदाबाच्या गोळ्या घेते, म्हणून आधी तिच्या डॉक्टरांना विचारलं. सध्या ती १० मिनिटं चालते, वेग २ च्या वर नाही, सेफ्टी कीची (ओढली गेली की पट्टा थांबवणाऱ्या चावीची) दोरी कुर्त्याला अडकवलेली. ती पूर्ण उतरेपर्यंत मी बाजूला उभा असतो.