उद्यानाच्या फाटकाबाहेरील पाच गाड्या

महाशिवरात्र उलटली की गंगापूर रोडलगतच्या आमच्या उद्यानाच्या फाटकाबाहेर हातगाड्या लागू लागतात आणि मृगाचा पाऊस पडेपर्यंत त्या तिथून हलत नाहीत. एरवी मी तेथे केवळ गिऱ्हाईक म्हणून उभा राहतो. या वर्षी मात्र भाच्याने ‘मामा, तीन महिने गाडी लावून पाहावी म्हणतो’ असे सांगितल्यामुळे पंधरा दिवस रोज संध्याकाळी तेथील एकेक पदार्थ चाखला आणि चवीबरोबरच विक्रेत्याचे हात, पाणी आणि बर्फ यांच्याकडेही लक्ष ठेवले.

नाशिकचा पारा एप्रिल-मे महिन्यांत चाळिशीला टेकत असला, तरी दिवस कलला की हवा उतरते. त्यामुळे उद्यानाबाहेरचा खरा धंदा साडेपाच ते साडेआठ एवढाच चालतो. दुपारी रसाचा पेला घशाखाली ओतणारा माणूस वेगळा आणि नातवाला घसरगुंडीवर सोडून बाकावर बसलेले आजोबा वेगळे. येथील बहुतेक गाडीवाल्यांनी हा फरक ओळखलेला दिसत नाही.

सर्वांत मोठी गाडी उसाच्या रसाची आहे. चरकाला बांधलेल्या घुंगरांचा आवाज फाटकाच्या आतपर्यंत पोचतो आणि तीच तिची जाहिरात. आले आणि लिंबू उसाबरोबरच पिळले जात असल्याने रसाला चव उत्तम येते, शिवाय लिंबामुळे तो लवकर काळा पडत नाही. परंतु किलोभर उसातून साधारण अर्धा लिटर रस निघतो आणि उरलेल्या चिपाडांचा ढीग गाडीमागेच पडून राहतो. अंधार पडेपर्यंत त्यावर माश्यांचे राज्य असते. वीस रुपयांत पेला मोठा मिळतो खरा, पण ‘बर्फ नको’ म्हटल्यावर विक्रेत्याचा चेहरा पडतो, कारण पेल्याचा तिसरा हिस्सा बर्फच भरून काढत असतो.

बर्फाचा विषय निघालाच आहे, तर गोळ्याच्या गाडीबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे. मुलांची सर्वाधिक गर्दी तेथेच असते. रंध्यावर बर्फ किसला जाण्याचा आवाज ऐकून माझेही पाय वळतात, हे कबूल करतो. काळा खट्टा आंबटगोड आणि झणझणीत होता. मात्र तिसऱ्या दिवशी गाडीखालच्या पोत्यातून जी लादी निघाली, तिच्यावर फिकट निळसर झाक होती. महाराष्ट्रात खाण्यायोग्य नसलेल्या बर्फाला निळा रंग देण्याचा नियम 2018 साली आला, तो नेमका अशा लाद्या ओळखता याव्यात म्हणूनच. मासळी किंवा औषधे थंड ठेवण्यासाठी तयार होणारा हा बर्फ पिण्यायोग्य पाण्याचा असेलच असे नाही. विचारल्यावर विक्रेत्याने ‘उजेडाचा रंग आहे, काका’ असे उत्तर दिले. मी हातातला गोळा तसाच टाकून दिला आणि त्यानंतर त्या गाडीकडे फिरकलो नाही.

मटका कुल्फीवाला स्वच्छ आहे. मीठ मिसळलेल्या बर्फात साचे पुरलेले असतात आणि तो बर्फ खाण्यात येतच नाही, त्यामुळे काळजी कमी. दूध पुरेसे आटवलेले नाही, एवढीच तक्रार. भेळभत्त्याच्या गाडीबद्दल नाशिककरांना वेगळे सांगायला नको; कैरीचे बारीक तुकडे आणि तळलेली मिरची यांमुळे तो उन्हाळ्यातही खपतो, परंतु कागदाच्या पुड्या वर्तमानपत्राच्या असतात आणि शाई तेलकट बोटांना लागते.

माझ्या मते सर्वांत सरस गाडी सर्वांत लहान आहे. एक मध्यमवयीन बाई झाकणाच्या दोन स्टीलच्या पिंपांत पन्हे आणि मठ्ठा घेऊन येतात. तिसरा पदार्थ नाही. पन्ह्यासाठी कैऱ्या उकडून, गर काढून, त्यात गूळ आणि वेलदोडा घालण्याचे काम त्या आदल्या रात्री घरीच उरकतात आणि गाडीवर फक्त माठातले गार पाणी मिसळतात, त्यामुळे बर्फाचा प्रश्नच उरत नाही. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आमच्याकडे होते त्याहून हे पन्हे किंचित कमी गोड असते, आणि ते बरेच आहे. मठ्ठ्यात आले पुरेसे, मिरची मात्र मुलांना झेपणार नाही. सात वाजल्यानंतर तो आंबटही होऊ लागतो. हे मी बाईंना सांगितले, तेव्हा ‘म्हणूनच सातनंतर फक्त पन्हंच देते, दादा’ असे त्या म्हणाल्या आणि खरोखरच पुढच्या गिऱ्हाइकाला त्यांनी मठ्ठा नाकारला.

भाच्यासाठी मी याच गाडीचा हिशेब मांडला. चरकाचा खर्च नाही, विजेची गरज नाही, उरलेला गर फ्रीजमध्ये टिकतो आणि वळवाच्या पावसाने संध्याकाळ बुडाली तरी माल फेकावा लागत नाही. कैरी बाजारात असेपर्यंत कच्चा माल स्वस्तच राहतो. तथापि कागदपत्रांचा आळस करून चालणार नाही. अन्न सुरक्षा कायद्याखालील नोंदणीचा चौदा अंकी क्रमांक हवा आणि 2014 च्या पथविक्रेता कायद्यानुसार महापालिकेचे विक्री प्रमाणपत्रही हवे. जागा ना-फेरीवाला क्षेत्रात निघाली, तर पन्हे कितीही चांगले असले तरी गाडी उचलली जाईल. पन्हेवाल्या बाईंनी आपला क्रमांक पिंपावरच रंगवून घेतला आहे. रांगेतील इतर चार गाड्यांवर मला तो कोठेही आढळला नाही.

भाच्याचे मन अजून गोळ्याकडेच ओढ घेते आहे, कारण गर्दी तिकडे दिसते. येत्या रविवारी त्याला घेऊन जाणार आहे, आणि पोत्यातून लादी बाहेर निघते त्या वेळी त्याला गाडीच्या मागच्या बाजूला उभे करणार आहे.