ट्रीटमेंट माझी, शूट दुसऱ्याचं

होर्डिंग आधी माझ्या असिस्टंटला दिसलं. त्याने गाडीतूनच फोटो काढून मला पाठवला आणि खाली एवढंच लिहिलं, "दादा, हा काकांचा अंगठा आहे ना?"

अंगठा माझ्या वडिलांचाच होता. नखाच्या मधोमध काळी उभी रेघ, कित्येक वर्षांपूर्वी हातोडी बसली तेव्हापासूनची. तो हात उघड्या घड्याळात बारीक स्क्रू बसवत होता, उजवीकडून उजेड येत होता, आणि ज्या टेबललॅम्पची ती जाहिरात होती तो लॅम्प चौकटीत नव्हताच. तो फोटो मी काढला होता, आमच्याच घरातल्या टेबलावर, रात्री जागून. आणि मला त्याचा एक पैसाही मिळाला नव्हता, कारण ते काम "दुसऱ्याकडे गेलं" होतं.

जाहिरात एजन्सीच्या पहिल्या मोठ्या कामाची वाट बघणाऱ्या कुणाही फोटोग्राफरच्या बाबतीत हे होऊ शकतं, म्हणून जसं झालं तसं लिहितोय.

हे काम मिळतं कसं, ते आधी थोडं सांगतो. एजन्सीच्या आर्ट डायरेक्टरच्या लक्षात राहणं, यातच निम्मं आयुष्य जातं. पोर्टफोलिओ पाठवायचा, नवं काम झालं की चार ओळींची मेल टाकायची, भेट मिळालीच तर मोजके पंधरा-वीस फोटो दाखवायचे. सगळं जमतं असं सांगणारा कुणाच्या लक्षात राहत नाही. एकच गोष्ट अशी करावी लागते की ती हवी असली की आपलंच नाव आठवावं. माझ्यासाठी ती गोष्ट म्हणजे कारागिरांचे हात. सहा वर्षं पदरमोड करून मी हात टिपत होतो. मोठं काम असलं की क्लायंटचा खरेदी विभाग बहुधा तीन कोटेशनं मागतो. याला आमच्यात ट्रिपल बिड म्हणतात. तिघांना ब्रीफ (काय हवंय ते सांगणारा कागद) आणि लेआउट (जाहिरातीची कच्ची मांडणी) जातात, प्रत्येकाशी क्रिएटिव्ह कॉल होतो, आणि प्रत्येकाने दोन कागद द्यायचे असतात. एक एस्टिमेट, ज्यात आपली फी, फोटो कुठे, किती काळ आणि कोणत्या माध्यमात वापरणार त्याचे पैसे, आणि प्रॉडक्शनचा खर्च असं वेगवेगळं मांडलेलं असतं. दुसरी ट्रीटमेंट. ही जाहिरात मी कशी बघतो, उजेड कसा ठेवीन, माणसं कशी निवडीन, ते सगळं त्यात येतं. बिड जिंकेपर्यंत या ट्रीटमेंटचे पैसे सहसा कुणी देत नाही. म्हणजे आपल्या डोक्यातला सगळ्यात मौल्यवान माल आपण विश्वासावर समोर ठेवतो.

एजन्सीच्या प्रोड्यूसरचा फोन आला तेव्हा मी रस्त्यातच थांबलो. "क्लायंटला तुमचे हातांचे फोटो फार आवडलेत. बिडमध्ये याल का?" सहा वर्षं ज्या वाक्याची वाट बघितली होती, ते हे वाक्य.

क्रिएटिव्ह कॉलवर आर्ट डायरेक्टर जवळजवळ गप्प होते. ज्याला खरंच आपल्याबरोबर काम करायचं असतं तो विचारतो: मॉडेल घेणार की खरे कारागीर? दिवसाचा उजेड की स्ट्रोब, म्हणजे स्टुडिओचा फ्लॅश? एका दिवसात किती फ्रेम निघतील? इथे एकच प्रश्न आला, "आयडिया कशी मांडाल?" मी बोलत गेलो. लॅम्प दाखवायचाच नाही, लॅम्पच्या उजेडात चाललेलं काम दाखवायचं: घड्याळ दुरुस्त करणारा हात, सुईत दोरा ओवणारा हात, जुन्या पत्राची घडी उलगडणारा हात. पलीकडे कुणीतरी टाइप करत असल्याचा आवाज येत होता. ते लक्ष देऊन ऐकताहेत, याचंच मला बरं वाटलं.

बजेट विचारलं तर "तुम्ही तुमचा आकडा द्या" असं उत्तर आलं. फोटो किती काळ वापरणार, होर्डिंगवर की फक्त ऑनलाइन, हेही "नंतर ठरवू". ट्रीटमेंट मात्र दुसऱ्या दिवशी सकाळीच हवी होती. आणखी एक गोष्ट, जी आठवली की मला अजून त्रास होतो. प्रोड्यूसर म्हणाली, "प्रत्येक पानावरचं तुमचं नाव काढून पाठवा, आमच्या प्रेझेंटेशनच्या टेम्प्लेटमध्ये ते बसत नाही." मी बारा पानांवरून माझं नाव माझ्या हाताने काढलं.

चार दिवसांनी पुन्हा फोन. "क्लायंट जरा घाबरतोय. लॅम्प न दाखवता लॅम्प विकला जाईल का, असं विचारतोय. एखादी टेस्ट फ्रेम मिळाली तर काम तुमचंच." टेस्टचे पैसे विचारायला माझी जीभ रेटली नाही. वडिलांना बसवलं. त्यांचा हात थरथरतो, म्हणून कोपराखाली उशी दिली. एका एलईडी पॅनेलपुढे ट्रेसिंग पेपर लावला आणि काळ्या पुठ्ठ्याने खालचा अर्धा उजेड कापला, तेव्हा कुठे लॅम्पच्या शेडमधून उजेड पडावा तशी कड आली. एकेचाळीस फ्रेम काढल्या. त्यातली एक रिटच करून छोट्या आकारात, वॉटरमार्क टाकून पाठवली. तासाभरात उत्तर: "प्रोजेक्टरवर फाटतेय, मोठी फाइल द्या, वॉटरमार्कशिवाय." दिली.

मग अठरा दिवस काही नाही. शेवटी दोन ओळींची मेल आली: क्लायंटने वेगळी दिशा घेतली, पुढच्या वेळी नक्की. वाईट वाटलं, पण बिड हरणं या धंद्यात रोजचं आहे. मी आभाराची मेलही पाठवली.

होर्डिंग दिसलं ते त्यानंतर तीन महिन्यांनी. मालिकेत तीन जाहिराती होत्या. सुई आणि पत्र दुसऱ्या कुणीतरी शूट केलं होतं, माझ्या ट्रीटमेंटमधल्या वर्णनाबरहुकूम, कापलेल्या उजेडासकट. घड्याळाची फ्रेम थेट माझीच होती.

मी मेल केली. उत्तर आलं की तो फोटो लेआउटमध्ये रेफरन्स म्हणून ठेवला होता, फायनलमध्ये "नजरचुकीने" राहिला. नजरचुकीने राहिलेल्या फोटोचं कुणी होर्डिंगच्या आकाराला रिटचिंग करत नाही. पण माझ्यापाशी काही होतं, तेही सांगतो, कारण त्यानेच थोडं तरी हाती लागलं. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातली मूळ फाइल, कुणालाच दिली नव्हती. त्या फ्रेमच्या आधीच्या आणि नंतरच्या फ्रेम, कॅमेऱ्याच्या वेळेसकट, माझ्या हार्ड डिस्कवर होत्या. पाठवलेल्या सगळ्या मेल होत्या. आणि फोटो वापरण्याची परवानगी देणारा एकही कागद त्यांच्याकडे नव्हता.

वकिलांनी समजावलं ते असं. फोटोवरचा हक्क काढल्या क्षणापासून असतो, नोंदणी लागत नाही. कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात १९०८ च्या दुरुस्तीपासून हेच तत्त्व आहे. पण कल्पनेवर कॉपीराइट नसतो. १९९४ च्या ट्रिप्स या बौद्धिक संपदेच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या नवव्या कलमात ते स्पष्ट लिहिलंय: संरक्षण अभिव्यक्तीला मिळेल, कल्पनेला नाही. म्हणजे घड्याळाच्या फ्रेमचे पैसे मागता येत होते. सुई आणि पत्राबद्दल मनात कितीही सल असली तरी हाती काही लागण्याची आशा फारशी नव्हती. ट्रीटमेंट गोपनीय आहे असं आधी लिहून घेतलं असतं तर निदान बोलायला जागा राहिली असती. मी घेतलं नव्हतं. शेवटी एजन्सीने एका फ्रेमच्या वापराचे पैसे दिले, आठ महिन्यांनी, आणि मागितले त्याच्या निम्मेच.

मधल्या काळात ज्याने शूट केलं त्या फोटोग्राफरशी बोलणं झालं. मी रागातच फोन लावला होता. तो बिचारा हबकला. त्याला माझी फ्रेम लेआउटमध्ये चिकटवून मिळाली होती, "असंच हवंय" एवढ्या सूचनेसह, आणि ती एजन्सीनेच घरात बनवली असं त्याला सांगितलं होतं. आम्ही मेलच्या तारखा पडताळल्या. त्याचं बुकिंग पक्कं झालं होतं माझ्या क्रिएटिव्ह कॉलच्या दोन दिवस आधी. माझ्याकडून टेस्ट मागितली तेव्हा काम कुणाला द्यायचं हा प्रश्नच शिल्लक नव्हता.

इथे एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. तीन कोटेशनं जमवायची म्हणून तिसरा माणूस घेणं, ही फसवणूक नव्हे. एजन्सीची पसंती आधीच ठरलेली असते, अनेक प्रोड्यूसर ते मोकळेपणाने सांगतात, आणि अशा बिडमधूनही ओळख होते, पुढे काम मिळतं. पण हे लपवून, काम मिळेल अशी आशा लावून माणसाकडून कल्पना आणि फोटो काढून घेणं ही चोरी आहे, आणि ज्याने ती केली त्याला ती चोरी आहे हे नीट ठाऊक असतं.

आता पहिल्याच फोनवर मी विचारतो: बिडमध्ये किती जण आहेत, शिफारस कुणाची आहे, निर्णय कधी आणि कोण घेणार. वापराचा काळ आणि माध्यमं कळल्याशिवाय आकडा देत नाही. ट्रीटमेंट पीडीएफमध्ये जाते, माझं नाव प्रत्येक पानावर, आणि पहिल्या पानावर दोन ओळी: मजकूर गोपनीय, काम मला न दिल्यास वापरता येणार नाही. मनोभूमिका आणि मूड लिहितो. उजेड नेमका कुठून कापायचा ते लिहीत नाही. टेस्ट हवी असेल तर तिचे पैसे आणि परचेस ऑर्डर (कामाची लेखी ऑर्डर) आधी, मग ती कितीही छोटी असो. आणि काम ठरलं की प्रॉडक्शनचा अ‍ॅडव्हान्स खात्यात आल्याशिवाय स्टुडिओ बुक करत नाही. आयत्या वेळी शूट रद्द झालं तर किती रक्कम मिळेल, तेही एस्टिमेटमध्येच असतं.

मागच्या महिन्यात दुसऱ्या एका एजन्सीतून फोन आला. मी माझे प्रश्न विचारले. पलीकडची प्रोड्यूसर क्षणभर थांबली आणि म्हणाली, "खरं सांगू? आमची शिफारस दुसऱ्याची आहे. तुम्ही तिसरे आहात." मी तिचे मनापासून आभार मानले. त्या संध्याकाळी तिला एस्टिमेट आणि जुन्या कामातले आठ फोटो पाठवले. ट्रीटमेंट पाठवली नाही.