राजाबाई टॉवर की दलाल स्ट्रीटचा मनोरा?

मुंबईच्या फोर्टात तासभरच हाताशी असेल, तर मी राजाबाई टॉवरकडेच वळेन. व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी २ लाख रुपये देऊन आईच्या नावाने उभारलेला हा २८० फुटी मनोरा १८७८ मध्ये पूर्ण झाला. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या जैन आईला घंटेवरून वेळ कळावी म्हणून तो बांधला, अशी आख्यायिका आहे. त्याच इमारतीत आजही मुंबई विद्यापीठाचं ग्रंथालय आहे. तिथल्या रंगीत काचा एकदा तरी डोळे भरून पाहायलाच हव्यात!

दलाल स्ट्रीटचा फिरोज जीजीभॉय टॉवर, म्हणजे मुंबई शेअर बाजाराची इमारत, १९८० चा, उंचीने सरस. १९९५ मध्ये संगणकावर व्यवहार सुरू झाले आणि तिथला दलालांचा गलका थांबला. शेअर बाजाराच्या संस्थापकांत प्रेमचंदही होते, म्हणून जाता जाता तोही बघा.