आमदारांच्या हाती निवेदन, की ग्रामसभेचा ठराव?

मागणी एका हातपंपाची किंवा मोरीची असेल तर हा लेख वाचायची गरज नाही. ती कामं आमदार निधीतून नाहीतर जिल्हा नियोजनातून होतात आणि त्यांची वाट सगळ्यांना ठाऊक आहे. प्रश्न धोरणाचा असला, म्हणजे नियम बदलून हवा असला, तारीख ठरवून हवी असली, एखादी योजना आपल्या तालुक्याला लागू करून हवी असली, की पाय अडखळतो. तेव्हा खानदेशात लोकांपुढे दोन वाटा असतात. पाच-दहा जणांनी संपर्क कार्यालयात जाऊन आमदारांना निवेदन द्यायचं, किंवा आधी ग्रामसभेत ठराव घ्यायचा आणि तो वर पाठवायचा.

उदाहरणाला एकच विषय धरू. दिवाळी झाली की सातपुड्यातली, धडगाव-अक्कलकुव्याकडची कुटुंबं उसाच्या तोडीला गुजरातेत उतरतात. चाळीसगावकडची पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांवर जातात. मुलं गावी राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहाची सोय आहे, पण मंजुरी उशिरा आली की तोवर मुलं आई-बापांसोबत फडात पोचलेली असतात. मागणी एवढीच की मंजुरी दसऱ्याआधी मिळावी आणि तशी तारीख शासन निर्णयातच लिहिलेली असावी. पैसा फारसा वाढत नाही, वेळापत्रक बदलावं लागतं. म्हणून हे काम आमदारांचं आहे, गटशिक्षणाधिकाऱ्यांचं नाही.

निवेदनाच्या बाजूने बोलायचं तर ते त्याच दिवशी होतं. सकाळी मजकूर टाईप केला, सह्या घेतल्या, की दुपारी भाऊंच्या किंवा आबांच्या कार्यालयात हजर. आमदार समोर बसतात, दोन प्रश्न विचारतात, मागणी पोचल्याचं समाधान मिळतं. अधिवेशन आठवड्यावर आलं असेल किंवा धोक्यात आलेली गोष्ट आजच थांबवायची असेल, तर याला पर्याय नाही. जळगाव, धुळे शहरात किंवा नगरपालिकेच्या हद्दीत राहणाऱ्यांना ग्रामसभाच नसते, तेव्हा त्यांना हीच वाट.

माझं मन या वाटेवरून उठलं ते एका गोष्टीमुळे, आणि ती गोष्ट म्हणजे पोच. निवेदन हातात दिलं की फोटो निघतो. आमदार कागदाच्या डाव्या कोपऱ्यात तिरप्या अक्षरात ‘योग्य ती कार्यवाही करावी’ असा शेरा मारतात आणि कागद स्वीय सहायकाकडे जातो. तिथून तो तहसीलला गेला, पंचायत समितीला गेला की फाईलखालीच राहिला, हे कळायला मार्ग नाही, कारण त्यावर आवक क्रमांक, म्हणजे आलेला कागद नोंदवहीत चढवल्याचा नंबर, नसतो. दोन महिन्यांनी माणूस विचारायला जातो, ‘भाऊ, आमना कागद कोठे शे?’ समोरचा विचारतो, नंबर काय? नंबर नाही म्हटल्यावर बोलणं तिथेच संपतं. संपर्क कार्यालयात आवक-जावक नोंदवही असेलच असं नाही, आणि तिथे माहितीचा अधिकार टाकून उत्तर मिळवणं व्यवहारात अवघड जातं. फोटोतली तारीख हा कुठल्याही दप्तरातला पुरावा होत नाही. निवडणूक होऊन आमदार बदलले, तर नव्या कार्यालयात त्या कागदाचा मागमूसही नसतो.

ठरावाचं बळ त्याच्या क्रमांकात आहे. ग्रामसभेत मंजूर झालेला विषय इतिवृत्त नोंदवहीत, म्हणजे सगळे ज्याला प्रोसिडिंग म्हणतात त्यात, ठराव क्रमांक, तारीख, सूचक आणि अनुमोदक यांच्यासह उतरतो. सरपंच बदलले, आमदार बदलले, तरी नोंदवही ग्रामपंचायतीतच राहते. त्याची साक्षांकित नक्कल घेऊन तुम्ही पंचायत समितीत, जिल्हा परिषदेत, मंत्रालयातल्या विभागाकडे आणि आमदारांकडे तोच क्रमांक घेऊन जाऊ शकता. पुढे विचारणा करताना ‘आमचं निवेदन’ असं म्हणावं लागत नाही. ‘15 ऑगस्टचा ठराव क्रमांक अमुक’ म्हटलं की पुरतं.

मात्र तो नीट झाला तरच. घोळ बहुतेक वेळा सुरुवातीलाच होतो. सभेच्या दिवशी उभं राहून विषय मांडला, की तो ‘ऐनवेळचे विषय’ या मथळ्याखाली एका ओळीत जातो. कधी तेवढाही जात नाही. नेहमीच्या ग्रामसभेची नोटीस 7 दिवस आधी निघते. त्याआधी विषय लेखी द्या, दोन प्रतींत. एक ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (2024 पासून ग्रामसेवकांचं हेच पदनाम आहे), दुसरीवर त्यांची सही, तारीख, शिक्का आणि आवक क्रमांक. नुसता गोल शिक्का पुरत नाही. शिक्का कागद आल्याचं सांगतो, तर क्रमांक सांगतो तो कुठे नोंदला ते. मग विषय नोटिशीवर छापून येतो आणि तो टाळणं कठीण होतं.

गणपूर्तीसाठी मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसं लागतात. 600 मतदारांच्या गावाला 90. तेवढी जमली नाहीत तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, पण तिथे फक्त मूळ नोटिशीवरचेच विषय चालतात. म्हणजे विषय आधी लेखी दिलेला असला तर तो पडलेल्या सभेतूनही वाचतो. ग्रामसभेआधी महिला सभा व्हायची असते, तिथेही हा विषय ठेवा. मुलांना मागे ठेवून जायचं की सोबत न्यायचं, हा निर्णय घरात बाईलाच घ्यावा लागतो, आणि महिला सभेने मांडलेलं ग्रामसभेत खोडून काढायला पुरुष सहसा धजत नाहीत.

दुसरा घोळ मजकुराचा. ‘ऊसतोड मजुरांच्या समस्या सोडवाव्यात’ असा ठराव झाला तर तो न झाल्यासारखाच आहे. खात्याला त्यावर ‘नोंद घेतली’ एवढंच उत्तर देता येतं. ठरावात गावातून किती कुटुंबं जातात, 6 ते 14 वयाची किती मुलं जातात, कोणत्या महिन्यात निघतात, कोणत्या शाळेतून नाव गळतं, हे आकडे हवेत. आकडे शाळेच्या हजेरीपटावरून घ्या, अंदाजाने नको. मग मागणी एकाच वाक्यात: हंगामी वसतिगृहाची मंजुरी दरवर्षी दसऱ्यापूर्वी देण्याची तारीख शालेय शिक्षण विभागाने शासन निर्णयात निश्चित करावी. खात्याचं नाव चुकलं तर कागद नुसता फिरत राहतो. एका ठरावात तीन मागण्या असल्या तर तो तीन टेबलांवर तुटतो.

सभा संपल्यावर लगेच प्रोसिडिंग लिहून घ्यायला बसा. ‘नंतर लिहू’ म्हटलेला ठराव पुढे वेगळ्याच शब्दांत सापडतो.

ठरावाच्या उणिवाही लपवू नयेत. तो शिफारस असतो, आदेश नव्हे. मंत्रालय त्याने बांधलं जात नाही. अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे अक्राणी (धडगाव), अक्कलकुवा, तळोदा, नवापूर आणि आजूबाजूच्या तालुक्यांच्या काही भागांत, पेसा कायदा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा) आणि त्याखालच्या राज्याच्या 2014 च्या नियमांमुळे ग्रामसभेचा शब्द काही विषयांत जड आहे आणि पाड्याची स्वतंत्र ग्रामसभा जाहीर करून घेता येते. इतरत्र ती सोय नाही. यापेक्षा मोठी अडचण अशी की ग्रामसभा ही बहुमताची असते. एकल महिलेच्या घराचा हक्क, दलित वस्तीची स्मशानभूमी, असा प्रश्न असेल आणि गावाचं मन वळलेलं नसेल, तर सभेत विषय नेणं धोक्याचं. विरोधातला ठराव एकदा नोंदला गेला की तोच तुमच्या पुढच्या प्रत्येक अर्जावर उलटा लावला जातो. अशा प्रश्नात गावाला वळसा घालून थेट निवेदन द्यावं, हे मला पूर्ण मान्य आहे.

बाकीच्या वाटांबद्दल थोडक्यात. जिल्हाधिकारी कार्यालयातला लोकशाही दिन, महिन्याचा पहिला सोमवार, हा वैयक्तिक तक्रारींसाठी आहे. धोरणाची सामूहिक मागणी तिथे स्वीकारली जात नाही. आपले सरकार पोर्टलवर क्रमांक मिळतो, ही त्याची चांगली बाजू, पण तिथलं उत्तर बहुधा तक्रार ज्या अधिकाऱ्याकडे जाते त्याच्या अधिकारापुरतंच येतं आणि नियम बदलणं त्याच्या हातात नसतं. मोर्च्याची आपल्याकडे मोठी परंपरा आहे. शहादा-तळोद्याच्या पट्ट्यात 1972 पासून श्रमिक संघटनेच्या चळवळीने जे मिळवलं, ते रस्त्यावर उतरूनच. पण परवानगी, महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 चे मनाई आदेश आणि बुडणारी मजुरी पाहता ते दर वर्षी उचलायचं हत्यार नाही. मार्च 2018 मध्ये शेतकरी नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे 180 किलोमीटर चालत गेले, तेव्हाही ते परतले ते लेखी आश्वासन घेऊन.

म्हणून माझा कल असा: पाया ठरावाचा आणि निवेदन त्याच्यावर. आमदारांना टाळायचं नाही, कारण विधानसभेत प्रश्न त्यांनाच विचारता येतो. त्यांच्याकडे जाताना ठरावाची साक्षांकित नक्कल आणि एका पानाचं पत्र न्या, आणि कोपऱ्यातल्या शेऱ्यावर समाधान मानू नका. त्यांच्या लेटरहेडवर विभागाच्या मंत्र्यांना पत्र मागा, जावक क्रमांकासह, आणि त्याची प्रत तुमच्याकडे घ्या. लोकप्रतिनिधींच्या पत्राला उत्तर देण्याच्या सूचना शासनाच्या खात्यांना आहेत. तारांकित प्रश्न (ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात) किंवा लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना) यांसाठी मजकूर तयार करून दिला तर कार्यालयातल्या माणसांचं काम हलकं होतं आणि तुमचा विषय पुढे सरकतो. विधान परिषदेचे सदस्य लोक विसरतात. नाशिक विभागाच्या शिक्षक आणि पदवीधर मतदारसंघांत जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्हे येतात, आणि शाळेचा विषय शिक्षक आमदारांच्या जवळचा असतो. त्यांनाही तीच नक्कल पाठवा.

विभागाकडे स्वतंत्र प्रत टपालाने पाठवा, पोचपावतीसह. महिनाभर उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा, 10 रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून. ‘कार्यवाही का केली नाही’ असं विचारू नका, ‘का’चं उत्तर देणं त्यांच्यावर बंधनकारक नाही. अमुक तारखेच्या, अमुक क्रमांकाच्या ठरावावर झालेल्या टिपणीच्या आणि पत्रव्यवहाराच्या प्रती मागा. 30 दिवसांची मुदत आहे. निवेदनाच्या बाबतीत नेमकी हीच पायरी हाती लागत नाही, कारण कशाच्या प्रती मागायच्या हेच सांगता येत नाही.

आता वेळेचं गणित. ग्रामसभेचे ठरलेले दिवस 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर. अधिवेशनं अर्थसंकल्पी, पावसाळी आणि नागपूरला डिसेंबरच्या सुमारास हिवाळी. कागदावर 26 जानेवारीचा ठराव अर्थसंकल्पी अधिवेशनाला सोयीचा दिसतो, पण त्या दिवशी सातपुड्यातला अर्धा पाडा तोडीवर असतो आणि ज्यांचा प्रश्न आहे तेच सभेला नसतात. होळीला माणसं परततात. म्हणून पहिला ठराव 1 मेला घ्या, तो पावसाळी अधिवेशनासाठी आमदारांच्या हातात वेळेवर पडतो. तेवढ्यावर काम झालं नाही तर 15 ऑगस्टला त्याच मजकुराचा स्मरण ठराव, मागच्या क्रमांकाचा उल्लेख करून, म्हणजे मुलं निघण्याआधी विचारणा झालेली असते. 1 मेच्या सभेसाठी विषयाचा अर्ज 15 एप्रिलपर्यंत ग्रामपंचायतीत द्या, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक पडल्याशिवाय तिथून उठू नका.