नेटवर्किंगला 4,500 भरले आणि ग्रुपवर लिहायलाच बंदी : 8 महिन्यांनंतरचा अनुभव

परवा तरुण शेतकऱ्यांच्या एका नेतृत्व कार्यक्रमाच्या रिन्युअलचा मेसेज आला म्हणून हे लिहितोय, नाहीतर डाळिंबाच्या मृग बहाराची (पावसाळी हंगामाची) छाटणी टाकून मोबाईलवर एवढं टाइप करणारा माणूस मी नाही. "माजी सदस्यांना खास सवलत, फक्त 2,500." संस्थेचं नाव घेत नाही, ओळखणारे ओळखतील. तरुण शेतकऱ्यांसाठी नेतृत्व अन् नेटवर्किंग, हे सगळं तुम्ही पोस्टरवर वाचलंच असेल. महिन्यातून एक शनिवार सोलापुरात, 40 जणांची बॅच, वय 35 च्या आत, एक अभ्यास दौरा, शेवटी फेटा बांधून फोटो. मी भरले ते 4,500, वर 1,000 डिपॉझिट, 80 टक्के हजेरी भरली तरच परत.

माझं म्हणाल तर मंगळवेढा तालुका, 3 एकर भगवा डाळिंब, बाकी ज्वारी अन् कांदा. जाऊन-येऊन 120 किलोमीटर, दर खेपेला दोन लिटर पेट्रोल. फी भरली त्या दिवशी वडील एवढंच म्हणाले, "पुढारी व्हायचंय का आता?" आमच्याकडं नेतृत्व म्हणलं की पांढरा शर्ट अन् बॅनरच डोळ्यासमोर येतो, त्यांची चूक नाही.

आता मुद्द्यावर येतो. पहिल्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झाला अन् त्याला सेटिंग केली ओन्ली अ‍ॅडमिन. म्हणजे 40 तरुण शेतकरी एकमेकांशी जोडायला पैसे घेतले अन् त्यातल्या एकालाही तोंड उघडायची सोय नाही. ग्रुपवर काय यायचं, तर संचालकांच्या वाढदिवसाचं बॅनर, पुढच्या मीटिंगची वेळ, अन् "उद्योजकतेची 7 सूत्रं" असली चित्रं. पहिल्या महिन्यात मी हसलो, दुसऱ्या महिन्यात को-ऑर्डिनेटर सरांना म्हणलं, सर ग्रुप उघडा की. ते म्हणाले, "मालक, शिस्त पाहिजे ग्रुपला."

जानेवारीत ती शिस्त मला नडली. टेम्पोत 60 पिशव्या कांदा भरून रात्री निघायच्या तयारीत होतो, तेवढ्यात गावात कुणीतरी म्हणालं की आवक लय झालीय, उद्या लिलाव बंद. खरं का खोटं कोण सांगणार? त्या ग्रुपात किमान 6 जण असे होते ज्यांचं मार्केट यार्डात रोजचं येणं-जाणं. विचारायला ग्रुप उघडला तर खाली तीच पाटी, फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतात. नंबर कुणाचे सेव्ह नव्हते, ही माझी चूक, मान्य. गेलो. लिलाव बंद. टेम्पो दीड दिवस उभा, त्या खोळंब्याचे पैसे मी भरले, वर पिशव्या तापल्या त्या वेगळ्याच. शेवटी पट्टी (विक्रीची पावती) आली क्विंटलला 900 नं. त्या भावानं कार्यक्रमाची फी म्हणजे 5 क्विंटल कांदा, हमाली-तोलाई न धरता. मी सगळं असंच मोजतो, सवय आहे.

त्या रागात एक स्टार द्यायचं ठरवलेलं, लिहून बी ठेवलेलं. पण फेब्रुवारीत दोन गोष्टी झाल्या, मत जरा हललं.

एक म्हणजे सीए मॅडमचं सेशन. बाकीची भाषणं तुम्ही ऐकली नाहीत तरी चालतंय, "स्वप्नं बघा" वगैरे, ते फुकट यूट्यूबवर आहे. या मॅडमनी मात्र शेतकरी उत्पादक कंपनी, म्हणजे शेतकऱ्यांनी मिळून काढलेली कंपनी, अक्षरशः उलगडून दाखवली. 2002 च्या दुरुस्तीनं ही कंपनी कायद्यात आली, किमान 10 उत्पादक पाहिजेत अन् 5 संचालक, आणि एखाद्याकडं शेअर कितीबी असले तरी मत एकच. 2020 च्या केंद्राच्या योजनेत आपल्यासारख्या सपाट भागात 300 सभासद लागतात, मग भागभांडवलाला सभासदामागं 2,000 पर्यंत अनुदान, कमाल मर्यादा 15 लाख. हे बऱ्याच जणांना माहीत असतं कारण अनुदानाचा आकडा कोण विसरतंय. पण पुढचं कुणी सांगत नाही. दरवर्षी ताळेबंदाचा एओसी-4 अन् वार्षिक विवरणाचा एमजीटी-7 किंवा 7ए असे फॉर्म सरकारकडं भरायचे असतात, अन् चुकलं तर प्रत्येक फॉर्मला दिवसाला 100 रुपये दंड. दोन्ही मिळून एक वर्ष विसरलात तर 73,000. धंदा शून्य असला तरी.

मी घरी येऊन चुलत्यांना विचारलं, कारण आमच्या गावची कंपनी त्यांनीच काढलेली. म्हणलं काका, एओसी-4 भरलाय का? ते म्हणाले, "कुठलं खत आहे ते?" कपाटातून फाईल काढली, आत जेवणावळीची बिलं अन् उद्घाटनाचे फोटो. आता संचालकात मी आहे, मागच्या महिन्यापासून, कारण दुसरं कुणी सही करायला पुढं येईना. वडिलांना म्हणलं झालो बघा पुढारी. पहिलं काम काय, दंड भरणे.

दुसरी गोष्ट अभ्यास दौऱ्याची. करमाळ्यात कंदरला केळीचं पॅकहाऊस बघायला नेलं. घड उतरवण्यापासून बॉक्स भरण्यापर्यंत सगळं बघितलं, चांगलं होतं, पण खरी गंमत परतीच्या बसमध्ये. मागच्या बाकावर आम्ही 9 जण, तिथं बार्शीच्या ताईंनी सरळ सांगितलं, त्या बंद ग्रुपची वाट बघत बसू नका, माझ्या मोबाईलवर नवीन काढते. ताई सीताफळाचा पल्प करतात, अन् दर मीटिंगला त्यांची शेवटच्या एसटीची पळापळ व्हायची कारण कार्यक्रम वेळेत संपवायचं कुणाच्या डोक्यातच नाही. महिला नेतृत्वाचं पोस्टर मात्र मोठं लावलेलं, असो. त्या 9 जणांच्या ग्रुपात आज रोज यार्डाची आवक येते, तेल्याचा (डाळिंबावरच्या रोगाचा) डाग दिसला की फोटो येतो, सांगोल्याच्या पोरानं मला 200 कॅरेट (माल भरायचे क्रेट) हंगामापुरते उसने दिले. तेवढेच भाड्याने घेतले असते तर फीचा बराच भाग तिथंच गेला असता.

म्हणजे फी वसूल झाली का? झाली, पण बसच्या मागच्या सीटवर. संस्थेनं केलं काय तर आम्हाला एका बसमध्ये बसवलं. हे लिहिताना वाटतंय की तेही थोडं नाही, गावात बसून ही 9 माणसं मला कधी भेटली असती? सोलापूरजवळ केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात 2005 पासून काम चालूय, मी तिथं एकटा दोनदा गेलेलो, माहिती घेतली अन् परत आलो. या पोरांबरोबर गेलो तेव्हा जाताना-येताना जे बोललो ते जास्त कामाचं निघालं.

डिपॉझिटचं सांगायचं राहिलं. सप्टेंबर-ऑक्टोबरला पावसात तेल्यासाठी फवारणी सोडून येणं शक्य नव्हतं, दोन मीटिंगा बुडाल्या. 8 पैकी 6, म्हणजे 75 टक्के, डिपॉझिट जप्त. दौरा धरा म्हणलं तर दौरा हजेरीत धरत नाहीत. ज्यांनी कॅलेंडर बनवलं त्यांनी बहार म्हणजे काय हे एकदा विचारायला पाहिजे होतं. हजार रुपयासाठी मी तीन फोन केले, चौथा केला नाही.

बरं, ग्रुप बंद ठेवायचं कारण मला आता कळालंय. मार्चमध्ये वैतागून त्यांनी एक दिवस उघडला होता. अर्ध्या तासात गुड मॉर्निंग, दोन कीटकनाशकांच्या जाहिराती, एक सेकंडहँड ट्रॅक्टर, अन् कुणाच्यातरी साडूचा निवडणुकीचा व्हिडिओ. दुपारी परत कुलूप. सरांची बाजू तेवढी खरी. तरी पण त्या रात्रीचा टेम्पो आठवला की पटत नाही.

सध्या स्टार 3. रिन्युअलला काल उत्तर दिलं, सर 2,500 भरतो, फक्त रात्री 8 ते 9 रोज ग्रुप उघडा ठेवा, तेवढी एक अट. मेसेज वाचल्याच्या निळ्या टिक येऊन आता 26 तास झालेत.