लायोनेलचा दुधाचा डबा, नंबर ३४७२: जुना घ्या, मळका घ्या, पण रंगवलेला नको

लायोनेल ही खेळण्यातल्या आगगाड्यांची अमेरिकन कंपनी. कपाटात काचेमागे ठेवायला तिची वाघीण, म्हणजे मालडबा, हवी असेल तर पुढचं वाचू नका. त्यासाठी लायोनेलचेच ६४६४ मालिकेतले बॉक्सकार, म्हणजे बंद मालडबे, आहेत, एकाहून एक देखणे. ३४७२ हा दुधाचा डबा दिसायला अगदीच साधा. पिवळट पांढरं अंग, त्यावर काळी अक्षरं, छताला एक छोटी झडप. पण बटण दाबलं की दार फटकन उघडतं, पांढऱ्या कपड्यातला गडी पुढे सरसावतो, दुधाचा कॅन बाहेरच्या फलाटावर ढकलतो आणि परत आत जातो. पुन्हा बटण, पुन्हा कॅन. आत ना मोटर, ना बॅटरी. एक कॉइल, स्प्रिंग आणि नीट डोकं लावून वाकवलेले पत्रे, एवढाच कारभार.

मी मूळची कुर्डुवाडीची. वडील तिथल्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. बार्शी लाइट रेल्वे १८९७ सालची, अडीच फुटी रुळांची, आणि तिच्या वाघिणी बघतच आम्ही मोठे झालो. त्यामुळे असेल, पण लोक इंजिनाभोवती जमतात तेव्हा मी मागे जाऊन मालडबे बघते. हल्ली पेनसिल्व्हेनियात असते. इस्पितळातली यंत्रं दुरुस्त करायची नोकरी होती, ती सोडल्यावर हातांना काहीतरी हवं होतं. ह्यांच्या मते मी भंगार गोळा करते. करू देत.

या छंदासाठी पेनसिल्व्हेनियासारखा मुलूख नाही. जुन्या खेळण्यातल्या गाड्या जमवणाऱ्यांची ट्रेन कलेक्टर्स असोसिएशन १९५४ साली इथल्याच यार्डली गावी सुरू झाली. तिचं संग्रहालय स्ट्रासबर्गला आहे, आणि तिच्या ईस्टर्न डिव्हिजनचा मोठा बाजार दर एप्रिल आणि ऑक्टोबरात यॉर्कच्या जत्रेच्या मैदानावर भरतो. माझा डबा यॉर्कचाच.

आधी डब्याची कुंडली. जोशुआ लायोनेल काउएनने न्यूयॉर्कमध्ये कंपनी काढली, आणि तिची पहिली गाडी म्हणजे इंजिन नव्हतंच. ती होती दुकानाच्या खिडकीत माल ठेवून गोल फिरवायची एक उघडी वाघीण. गिऱ्हाईक मालाऐवजी वाघीणच मागू लागलं. म्हणजे घराण्याचा मूळपुरुष मालडबाच, हे इंजिनवाल्यांना मी मुद्दाम ऐकवते. दुधाचा पहिला डबा ३४६२ नंबरचा, तो १९४७ साली आला. १९४९ पासून ३४७२, तो १९५३ पर्यंत चालला. पुढे ३४८२ आणि मग १९५५ ला लांबट अंगाचा, तपकिरी छताचा ३६६२. बाजारात पहिले दोन पैशाला पासरी मिळतात, कारण त्या काळी ते प्रचंड खपले. दुर्मीळ नाही म्हणून काही संग्राहक नाक मुरडतात. माझ्यासारखीला तोच फायदा: सुटे भाग सहज मिळतात आणि बिघडवायची भीती वाटत नाही.

यॉर्कबद्दल थोडं. मैदानावर बरेच हॉल असतात. ऑरेंज हॉलमध्ये नव्या मालाचे मोठे व्यापारी, बाकी हॉलमध्ये सभासदांची टेबलं. पण खरी मौज अधिकृत बाजार उघडण्याआधीच सुरू होते. आसपासच्या हॉटेलांच्या आवारात लोक गाडीची डिकी उघडून विकायला बसतात, त्याला इथे बँडिट मीट म्हणतात. तिथे भाव उतरतो, मात्र माल चालवून बघायची सोय नसते. मी हॉलमधूनच घेतला, तीस डॉलरला. फलाट सोबत, कॅन तीनच, पेटी नाही. विकणारे आजोबा म्हणाले, "चालायचा." क्रियापदाचा काळ मी ऐकून घेतला.

घेताना काय बघावं? संघटनेची प्रतवारी सी-१ ते सी-१० अशी असते, दहा म्हणजे कोरा. कामाचा डबा सी-५, सी-६ चा पुरतो. मी अक्षरं बघते. अक्षरं शाबूत असली तर मळ कितीही असो, निघतो. अक्षरं पुसली गेली असली तर परत आणता येत नाहीत. मग उलटा करून बोगीखालच्या, म्हणजे चाकांच्या सांगाड्याखालच्या, सरकपट्ट्या बघायच्या. या पट्ट्या खास रुळातल्या दोन जादा पट्ट्यांना टेकून वीज घेतात. त्या तुटलेल्या असतील तर किंमत पाडून मागावी. मग छताच्या झडपेतून बॅटरीचा उजेड टाकून गडी जागेवर आहे का ते बघावं. चाकं काळी मिट्ट असली तरी घाबरू नका. मात्र याच न्यायाने दुसऱ्या महायुद्धाआधीचा माल घ्यायला जाऊ नका. त्या काळातल्या ओतीव जस्ताच्या भागांत शिसं मिसळलेलं निघालं तर धातू आतून फुगतो, चिरतो आणि शेवटी हातात भुगा येतो. त्यावर औषध नाही.

आता दुरुस्ती. घरी आणून रुळावर ठेवला, बटण दाबलं, तर नुसता घूं आवाज. हा आवाज आला की मला बरं वाटतं. कॉइल जिवंत आहे, अडलंय ते यंत्रात. मीटर लावून खात्री केली आणि तळ सुटा करून कवच बाजूला काढलं. आत अपेक्षेप्रमाणे तेल. कोण्या एका बापाने कधीतरी प्रेमाने तेल सोडलेलं, त्याचा पन्नासेक वर्षांत तिखटजाळ वासाचा डिंक झालेला, त्यात गालिच्याचे केस आणि कुत्र्याचेही. कॉइलमधून सरकणारी लोखंडी दांडी त्या डिंकात घट्ट बसली होती. धातूचे भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले, दांडी आणि तिची नळी आरशासारखी कोरडी केली. इथे तेलाचा थेंबही घालायचा नाही. तेल फक्त आसांच्या टोकांना, टाचणीने.

प्लास्टिकच्या कवचाला मात्र अल्कोहोल दाखवू नका. अक्षरांना कसलंच रंग विरघळवणारं रसायन चालत नाही. मी रिठ्याचं कोमट पाणी वापरते, आईच्या पैठणीला चालायचं तेच. रिठे नसतील तर भांड्याचा साबण पातळ करून. मऊ ब्रशने कोपरे, अक्षरांवर नुसता फेस ठेवायचा आणि टिपून घ्यायचा, घासायचं नाही. पिवळेपणा थोडा राहतो, तो राहू द्या. हा डबा नवा होता तेव्हाही दुधासारखा शुभ्र नव्हता, सायीच्या रंगाकडेच झुकणारा होता.

सरकपट्ट्या बारीक पॉलिश पेपरने चमकवल्या. स्टील वूल हाती धरू नका. त्याचे लोखंडी तुकडे गळतात आणि नेमके चुंबक आणि कॉइलपाशी जाऊन चिकटतात. पट्टीपासून कॉइलपर्यंत जाणाऱ्या वायरचं आवरण बोट लावताच गळून पडलं. या वयाच्या प्रत्येक डब्यात हे धरूनच चाला. नवी मऊ सिलिकॉन वायर घातली, दोन ठिकाणी सोल्डरचा डाग दिला. वायर जरा सैल ठेवायची, नाहीतर बोगी वळणावर वळत नाही आणि डबा रुळावरून उतरतो. चाकांवरचा थर दातकोरणीने निघाला. तळाच्या पत्र्यावर एका कोपऱ्यात गंज होता, तो घासून तिथे फक्त मेण लावलं.

कॅन वेगळे मागवावे लागले. नकली कॅन बऱ्याच ठिकाणी मिळतात, मी स्वस्तातले घेतले. कुणाकडून ते सांगत नाही, पण त्या कॅनांवर साच्याची शीर इतकी वर आलेली की आतल्या उतारावर अर्ध्यातच अडकून बसायचे. नखांच्या कानशीने एकेक गुळगुळीत केल्यावर चालू लागले. जुने कॅन मिळत असतील तर चार पैसे जास्त देऊन तेच घ्या.

चालवायचं कसं, हे कागदावर कुणी नीट सांगत नाही म्हणून लिहिते. साध्या रुळावर हा डबा नुसता डबा आहे. त्याला जादा पट्ट्यांचा खास रूळ लागतो, आरसीएस नावाचा किंवा १९४९ पासूनचा यूसीएस. यूसीएस घ्या, त्यात मधे विद्युतचुंबक असतो, तो कपलिंगखालची टिकली खाली ओढतो आणि डबा सुटतो. दोन बटणं, एक माल उतरवायला, एक डबा सोडायला. छताच्या झडपेतून कॅन आडवे, एका दिशेने तोंड करून सोडायचे. गाडी हळू आणून दार फलाटासमोर उभं करायचं. आणि आता खरी मेख. गडी जोरात काम करायला भरपूर व्होल्ट मागतो, आणि व्होल्ट वाढवले की इंजिन पळतं. म्हणून इंजिन आधी न्यूट्रलला टाकायचं. युद्धोत्तर बऱ्याच इंजिनांत पुढे, थांब, मागे अशा पाळीने चालणारं रिव्हर्सिंग युनिट असतं. थांबच्या पाळीत ट्रान्सफॉर्मरची दांडी निवांत वर चढवा आणि बटण टिचकीसारखं दाबून सोडा. दाबून धरलं तर कॉइल तापते. नातू दाबून धरतो. त्याच्या हाताशी मी बसते.

दर वेळी कॅन उभाच राहतो असं नाही. दहातले सात-आठ फलाटावर उभे, एखादा लवंडतो, एखादा आतच आडवा होतो आणि गडी रिकाम्या हाताने बाहेर येऊन जातो. या जातीच्या डब्यांचा हा स्वभाव सगळ्यांना ठाऊक आहे. मला तो दोष वाटत नाही, पण घड्याळासारखा नेम हवा असेल त्याला वैताग येईल. शेजारच्या टेबलावरचा गुरांचा डबा, ३६५६, घ्यावा का असं कुणी विचारतं. अजिबात नको. गोठ्याखालच्या कॉइलच्या थरथरीवर गुरं पुढे सरकतात, म्हणजे सरकायला हवीत. प्रत्यक्षात एक गाय दारात आडवी होते आणि घरभर वेल्डिंग चालल्यासारखी गुणगुण. नारिंगी रंग मात्र झकास आहे त्याचा.

रंगावरूनच भांडणाच्या मुद्द्यावर येते. डबे नव्याने रंगवून चकाचक करणारी मंडळी आहेत, आणि त्यांचा हात खरोखर साफ असतो. स्वतःच्या रुळांसाठी करा की, कोण अडवतंय. पण तो डबा पुढे विकला जातो, विकणारा बदलतो, आणि तिसऱ्या हाताला 'मूळ रंग' म्हणून जातो. ६४६४ मध्ये हा घोळ सगळ्यात मोठा, कारण तिथे एका रंगामुळे किंमत कितीतरी पट होते. म्हणून जाणते लोक कवच काढून आतून बघतात. साच्यात वर्षानुवर्षे बारीक फरक होत गेले, आणि साचा एका सालचा नि रंग दुसऱ्या सालचा निघाला की बिंग फुटतं. १९५७ चा मुलींसाठी काढलेला संच आठवा: गुलाबी इंजिन, एक फिका निळा आणि एक फिका पिवळा बॉक्सकार, जांभळट उघडी वाघीण. तेव्हा तो पडून राहिला. राहणारच, ज्या मुलीला गाडी हवी तिला खऱ्यासारखी काळी गाडी हवी असते, हे त्या कारखान्यात एखाद्या बाईला विचारलं असतं तरी कळलं असतं. आज तो संच भारी किमतीला जातो, आणि त्यातले गुलाबी काय नि निळे काय, नंतर रंगवलेले किती हे बघूनच पैसे मोजावेत.

३४७२ मध्ये असली भानगड नाही, पण नियम मी तोच पाळते. धुवायचं, चालतं करायचं, रंग तसाच. छतावरचा ओरखडा आहे तिथेच ठेवला.

किमतीचं बोलायचं तर, फलाट आणि कॅनांसकट पंचवीस ते चाळीस डॉलर ठीक. मूळ पुठ्ठ्याची पेटी असेल तर विकणारा बराच जास्त मागतो, चालवणाऱ्याला त्याचा उपयोग शून्य. सहा वर्षांखालच्या मुलाला भेट द्यायला हा डबा नको, कॅन तोंडात जातील. आणि भारतात न्यायचा विचार असेल तर अमेरिकन ट्रान्सफॉर्मर थेट आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला लावू नका, मधे व्होल्टेज उतरवणारा वेगळा ट्रान्सफॉर्मर लागतो.

यॉर्कच्या हॉलमध्ये तपासणीसाठी रूळ मांडलेले असतात. विकणारा डब्याला 'चालू' म्हणत असेल तर तिथे नेऊन एक कॅन उतरवून दाखवायला सांगा. तयार झाला नाही तर न चालणाऱ्या डब्याचा भाव सांगा, बहुतेक वेळा तो देतो.