मखराची पिक्सेल पट्टी: ५ व्होल्ट घ्यावी की १२?

गेल्या गणपतीत मखराच्या कमानीला पाच मीटरची पिक्सेल पट्टी लावली, म्हणजे जिच्यातल्या प्रत्येक ठिपक्याचा (पिक्सेलचा) रंग वेगळा ठेवता येतो अशी एलईडी पट्टी. डाव्या पायाशी लख्ख पांढरा उजेड, उजव्या पायाशी तांबूस. मल्टिमीटर लावला तर सुरुवातीला ४.९ व्होल्ट, शेवटी ३.६. पट्टी चांगलीच होती. तिच्यातलं पातळ तांबं एवढा करंट नेताना व्होल्टेज खातं, आणि निळ्या-हिरव्या एलईडीला लालपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून आधी तेच मंदावतात.

५ व्होल्टची डब्ल्यूएस२८१२बी (हा पट्टीचा प्रकार) स्वस्त आणि सहज मिळणारी. पण पूर्ण पांढऱ्यावर एक पिक्सेल सुमारे ६० मिलिअँपिअर घेतो. मीटरला ६० पिक्सेल धरले तर पाच मीटरला १८ अँपिअर! दोन्ही टोकांना वीज दिली तरी वायरच्या एकेका जोडीतून ९ अँपिअर. दीड स्क्वेअर एमएमची दोन मीटर वायर घेतली तर जाऊन-येऊन जवळपास अर्धा व्होल्ट वायरीतच जातो, म्हणजे पाचातला दहावा हिस्सा. त्यामुळे मधेही एक जोड द्यावाच लागतो.

१२ व्होल्टची डब्ल्यूएस२८१५ तेवढ्याच पिक्सेलना साधारण चार-साडेचार अँपिअर घेते. त्याच वायरीत पाव व्होल्ट गेला तरी बारातून तो डोळ्यांना जाणवत नाही. शिवाय तिला राखीव डेटा लाइन (रंगाचा संदेश नेणारी जादा तार) असते, मधला एक पिक्सेल गेला तरी पुढची माळ चालू राहते. किंमत मात्र जास्त. १२ व्होल्टची डब्ल्यूएस२८११ पट्टी स्वस्त पडते, पण तिच्यात तीन एलईडी मिळून एक पिक्सेल, म्हणजे तिन्ही एकाच रंगात. गॅलरीला ठीक; मखरात हातभर अंतरावरून पळता उजेड तुटक दिसतो.

माझं मत: दोन मीटरपर्यंतच्या मखराला ५ व्होल्टच घ्या, दोन्ही टोकांना वीज द्या आणि ब्राइटनेस निम्म्यावर ठेवा. त्याहून लांब कमान किंवा गॅलरी असेल तर डब्ल्यूएस२८१५चे जास्तीचे पैसे खुशाल मोजा.

वीज कुठूनही देता येते, डेटा मात्र पट्टीवर छापलेल्या बाणाच्या दिशेनेच. दोन एसएमपीएस (पट्टीला ५ किंवा १२ व्होल्ट पुरवणारे डबे) वापरलेत तर निगेटिव्ह सगळे एकत्र जोडा, पण दोघांच्या हद्दीवर पट्टीचा पॉझिटिव्ह कापा. आणि प्रत्येक जोडाच्या पॉझिटिव्हला, एसएमपीएसच्या बाजूनेच, फ्यूज लावा. मखर पुठ्ठ्या-कापडाचं असतं, आणि १८ अँपिअरचा एसएमपीएस शॉर्ट झालेली बारीक वायर लालबुंद करू शकतो.